तिसऱ्या दिवसाची कणीक

टोकमोक, रविवार

प्रिय हफीझा,

प्रिय लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही, एवढंच. मी तुझ्यावर रागावले आहे. तू हे घर सोडून माहेरी काराकोलला गेलीस त्याला वर्ष झालं, ते वर्षभर रागावले आहे, आणि त्याआधी तू माझी सून म्हणून या घरात नऊ वर्षं राहिलीस, तेव्हाही रागावलेलीच होते. तुझा निरोप मिळाला. शेजारच्या रझियाने आपल्या फोनवर मला तो दोनदा वाचून दाखवला, आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे पुसले, जशी काही तिचीच मुलगी इथे अडकली आहे. "आई, सफूराला माझ्याकडे पाठवा." बस. तुमचे गुडघे कसे आहेत नाही, हिवाळ्याचा कोळसा भरला का नाही. वर्षभराने पाठवलेल्या निरोपात चार शब्द. तू अशीच आहेस. तासाभराचं बोलणं चार शब्दांत आणि तासाभराचा स्वैपाक दहा मिनिटांत. फोनवर उत्तर दिलं असतं तर रझियाने ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं असतं, म्हणून काल दुपारपासून हे कागद घेऊन बसले आहे. माझं अक्षर लागलं नाही तर तो तुझा प्रश्न.

आधी तुझ्या मुलीबद्दल लिहिते, कारण तेवढंच तू शोधत असशील. सफूरा बरी आहे. आठ पूर्ण झाली, पुढचा दात पडला, गणितात पहिली आली आणि वाचनात भांडण करून घरी आली. माझ्याशी रोज भांडते. जेवणावरून. मी आयुष्यभर लोकांना जेवू घातलं. या गल्लीत चाळीस वर्षं कुणाच्याही घरी लग्न निघालं की लगमानच्या लांब शेवयांचे दोर कणकेतून ओढायला पहिलं बोलावणं मला, हे तू पाहिलं आहेस. आणि ही एवढीशी पोर माझ्या ताटाकडे बघून म्हणते, "आजी, हे छान आहे. पण आईचं ते कर ना." आईचं ते. त्याला धड नावसुद्धा नाही. तू कधी नाव ठेवलं नाहीस, आम्हीही विचारलं नाही.

मला ते काय माहीत नव्हतं का? नऊ वर्षं माझ्याच चुलीवर होत होतं. सकाळी शिवणाच्या कारखान्यात जाताना तू कणीक मळून, तेल लावून, झाकून ठेवायचीस. संध्याकाळी साडेपाचला आलीस की अंगातला कोट काढायच्या आधी कढई चुलीवर. गाईच्या मांसाचा तुकडा अर्धवट गोठलेला असतानाच कापायचा, म्हणजे काप पातळ पडतात, असं तू मला पहिल्या वर्षी सांगितलंस, आणि मी विचारलं होतं की मग आम्ही इतकी वर्षं काय विटा कापत होतो? धाग्याला आडवे काप, त्यावर थोडा सोया सॉस आणि चिमूटभर पीठ. तेलातून धूर आला की मांस टाकायचं, दोनदा परतायचं आणि लगेच बाहेर काढायचं. हे मला कधीच पटलं नाही. मग कांदा, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, ढोबळी मिरची, एखादा टोमॅटो, लसणाची पात. दुसऱ्या भांड्यात कणकेचे बोटाच्या पेराएवढे तुकडे उकळून झालेले असायचे, ते आत, मांस परत आत, आणि शेवटी सिरका, तोही कढईच्या कडेने. चर्रर्र झालं की सफूरा वाटी घेऊन उभी. आणि माझा मुलगा युसुर बाजारातलं आपलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान बंद करून येईपर्यंत तुझं आवरूनही झालेलं असायचं. मला याचाच राग यायचा. स्वैपाक म्हणजे काय कुणी मागे लागलंय? चुलीसमोर घाम गाळल्याशिवाय ज्या बाईचं जेवण होतं, तिला घराची किंमत नाही, असं मी शारिफा आत्यांना शंभरदा तरी म्हटलं असेन.

तर केलं मी. या वसंतात पहिल्यांदा केलं. सफूरा शाळेतून यायच्या वेळी मांस आणलं, कापलं, अगदी गोठवून कापलं, हो, तुझ्यासारखं. कणीक माझ्या हाताची, दोर माझ्या हाताचे, एकेक हातभर लांब आणि सगळे सारखे. तुकडे करायला माझा जीव झाला नाही. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आजी, हे पाहुण्यांचं आहे." दुसऱ्यांदा मन घट्ट करून दोर सुरीने कापले. तिने चार घास खाल्ले, विचार केला, अगदी आपल्या मशिदीतल्या आखूनसाहेबांसारखं तोंड करून विचार केला, आणि म्हणाली, "जवळ आलीस." मी वाटी उचलून घेतली आणि तिला म्हटलं, एवढं आईचं हवं असेल तर आईने जाताना रेसिपी भिंतीवर लिहून ठेवायला हवी होती. ती रडली नाही. तुझ्यावर गेली आहे. नुसती बघत राहिली, तुझ्यासारखी, आणि मला तिथून उठून परसात जावं लागलं.

आता त्या बघण्यावर येते, कारण मला जे लिहायचं आहे ते तिथून सुरू होतं.

तुझ्या लग्नाचा तिसरा दिवस. आमच्यातली रीत तुमच्या काराकोललाही आहे: तिसऱ्या दिवशी नव्या सुनेने सासरच्या बायकांसमोर दोर ओढायचे. कणीक मात्र सासूने मळायची, कारण नवरी सकाळपासून सलाम करण्यात गुंतलेली असते. सासूने झाकलेलं ताट आणून द्यायचं, सुनेने झाकण काढायचं आणि ओढायचं, आणि तीन दिवस नवरीने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. चौदा बायका गालिच्यावर बसल्या होत्या. तुझ्या हातांबद्दल सगळ्यांनी ऐकलं होतं. काराकोलच्या बाजारातल्या खानावळवाल्याची मुलगी, वयाच्या दहाव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी उभी राहून ओढणारी. शारिफा आत्यांनी तर लग्नाच्याच दिवशी भर मांडवात म्हटलं होतं, "झुलेखा, आता तुझ्या हातांना आराम. तुझ्याहून सरस हात घरात येतोय." सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते.

तू झाकण काढलंस. रिवाजाप्रमाणे वाटाण्याएवढी कणीक चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलीस. आणि माझ्याकडे बघितलंस. मी चहाच्या समोवारकडे बघितलं. मग तू पहिला दोर उचललास, हाताला गुंडाळलास, ओढलास, आणि तो मधोमध तुटला. दुसरा तुटला. तिसरा नुसता उचलताना तुटला. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "अगंबाई, हिचे हात तर बाजारातच राहिलेले दिसतात." दुसरी म्हणाली, "खानावळीतला नोकर ओढत असेल, नाव हिचं." तू काय करणार होतीस? बोलायला बंदी, आणि बोलली असतीस तरी त्याच बायकांनी ऐकवलं असतं, नाचता येईना अंगण वाकडं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसरी कुणी असती तर रडत आत पळाली असती. तू ताटातली सगळी कणीक एकत्र केलीस, तिचे पेरापेराएवढे तुकडे तोडायला लागलीस, भराभर, जणू पहिल्यापासून तेच ठरलं होतं. मोठी कढई ठेवलीस. मेजवानीसाठी आणलेलं मांस होतं, ते पातळ कापलंस, धूर, कांदा, मिरची, सिरका. दोन घाण्यांत काम झालं, पंधरा मिनिटं लागली नसतील. चौदा जणींनी खाल्लं. वाढून मागितलं. पण मी सांगते, लोक जेवण विसरतात आणि फजिती लक्षात ठेवतात. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच बातमी होती, झुलेखाच्या सुनेच्या हातात दोर टिकत नाही.

आणि माझा मुलगा. त्याने ती बातमी जपून ठेवली आणि दर पाहुण्यासमोर काढली. "आमची तुटकी." आधी लाडाने म्हणायचा, हे तूही नाकारणार नाहीस. मग सवयीने. मग तू कारखान्यात उशीर केलास की, मग तू स्वतःची छोटी खानावळ काढायची म्हणालीस तेव्हा, "तुटक्या दोरांची खानावळ? गिऱ्हाईक चमच्याने खाणार का?" मी ऐकत होते. स्वैपाकघराचं दार आणि जेवणाची खोली यांत कितीसं अंतर आहे? मी एकदा जरी म्हटलं असतं, युसुर पुरे, तरी तो थांबला असता. माझं त्याने नेहमी ऐकलं. मी म्हटलं नाही.

मग गेल्या वर्षीची ईद. त्याचे बाजारातले मित्र जेवायला, त्याने पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली, सगळे हसले, आणि सात वर्षांची सफूरा तुझ्या मांडीजवळ उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली, "तुटकी आई, तुटकी आई." तू झारा खाली ठेवलास. आवाज न करता ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने निघालीस, मुलीचा हात धरून निघालीस, आणि युसुरने फाटकात तिचा दुसरा हात धरला. मूल बापाच्या घरी राहतं, ही पण आमची रीत. तू बाहेर होतीस, ती आत होती, आणि फाटकाची कडी मी लावली. युसुरने नाही. मी लावली. तू त्या फटीतून बघितलंस, पुन्हा तसंच. सफूरा आत उभी राहून ओरडत होती आणि मी तिला म्हटलं, थंडी येते आहे, आत चल.

आता मला सांग, मी रागावू नको तर काय करू? तीन दिवस नवरीने बोलायचं नाही, मान्य. पण नऊ वर्षं? चौथ्या दिवशी मला कोपऱ्यात गाठून विचारलं असतंस, आई, असं का केलंत? मी काय केलं असतं? आकांडतांडव केलं असतं, खोटं बोलले असते, तुला घराबाहेर काढायच्या गोष्टी केल्या असत्या. पण मग आपल्या दोघींत ते उघड झालं असतं. तू विचारलं नाहीस. युसुरला सांगितलं नाहीस. तुझ्या वडिलांना सांगितलं नाहीस, नाहीतर ते सुरी घेऊन आले असते. ती गोष्ट माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, नऊ वर्षं झाकून ठेवलीस आणि मला रोज तिच्यासमोर बसवलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तू मान वर केलीस तरी मला वाटायचं, आता बोलेल. मला तुझ्या चांगुलपणाचा इतका राग आला आहे की बोलून सोय नाही.

हो. मीठ मी घातलं नव्हतं. लिहिलं बघ. पहाटे उठून मळताना मिठाचा डबा हातात घेतला होता आणि परत फळीवर ठेवला. विसरले नाही. बिनमिठाच्या कणकेला ओढ राहत नाही, हे लगमान खाणाऱ्या कुठल्याही घरातल्या पोरीला कळतं, आणि बघणाऱ्याला दिसत नाही. पाणी मिठाचं, रस्सा मिठाचा, खाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. मला तू सून म्हणून नको होतीस असं नाही. तू मला आवडली होतीस, हे लिहिताना जास्त लाज वाटते. पण चाळीस वर्षं लोकांनी माझ्याकडे जेवढं बघितलं ते या दोन हातांसाठी बघितलं, हफीझा. रूप नव्हतं, शिक्षण नव्हतं, नवरा लवकर गेला. हात होते. आणि एका मांडवातल्या एका वाक्याने ते काढून तुला देऊन टाकले होते. म्हटलं, एक दिवस. फक्त एक दिवस तुझे दोर तुटू देत, मग आहेच की आयुष्य. मी आयुष्यभर पुरेल असं काही करत होते, हे मला त्या पहाटे कळलं नाही.

पुढचं ऐक. युसुर दुसरं लग्न करतो आहे, येत्या शनिवारी. तुला कुणीतरी कळवलंच असेल, म्हणूनच तुझा निरोप आला असणार. मुलगी इथलीच आहे, वाईट नाही. त्याआधी सफूराचा निकाल लावायचा म्हणून मागच्याच्या मागच्या गुरुवारी मशिदीच्या अंगणात पाच म्हातारे बसले. बायका मागे. युसुरला विचारलं, मूल आईला का देत नाहीस? तर तो काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "जिच्या हातात तिसऱ्या दिवशी कणीक टिकली नाही, तिच्या हातात मूल काय टिकेल?" म्हातारे हसले. पांढऱ्या दाढ्या हलवत हसले. आखूनसाहेब म्हणाले, "हे तर आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं." मूल इथेच राहील असं जवळजवळ ठरलं, फक्त पक्कं करायला पुढचा गुरुवार ठेवला. मी मागे बसून होते. घरी येऊन मी माझ्या मुलाला पोटभर जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी सफूराने पुन्हा विचारलं, आईचं ते करशील का? आणि मी तिसऱ्यांदा केलं. पीठ घेतलं, पाणी घेतलं, मिठाचा डबा हातात घेतला, आणि कोण जाणे कसं, परत फळीवर ठेवला. ओढायला गेले तर तुटली. तुटली तशी तोडत गेले. पेरापेराएवढी. दहा मिनिटांत झालं, खरंच दहा मिनिटांत, मी घड्याळ बघितलं. सफूराने पहिला घास घेतला, वाटी तोंडाला लावून संपवली, मग म्हणाली, "हे. हे आईचं." हफीझा, म्हणजे तू नऊ वर्षं रोज सकाळी बिनमिठाचीच कणीक मळत होतीस. माझ्या नाकासमोर. ते चुकून झालेलं जेवण तू जसंच्या तसं ठेवलंस, त्यातली माझी खोडी सुद्धा, आणि माझ्या नातीला त्यावर वाढवलंस, आणि मी पण ते खात होते आणि म्हणत होते, हिला घाई फार. तू मला टोचायला तसं करत होतीस, की तुला ते आवडायलाच लागलं होतं, हे मला अजून कळत नाही. मी भांडी विसळत उभ्या उभ्या रडले, आणि रागाने रडले, दुसरं काही समजू नकोस.

या गुरुवारी मी बायकांतून उठून पुढे गेले. म्हाताऱ्यांनी बस म्हटलं, बसले नाही. म्हटलं, ती कणीक मी मळली होती. मीठ मी घातलं नव्हतं, मुद्दाम. मुलगी कणीक चाखून समजली होती आणि तिने माझी लाज राखली. आता तुम्हाला कुणाच्या हातात काय टिकतं त्यावर निकाल द्यायचा असेल तर माझे हात बघा. मग शारिफा आत्या, त्र्याण्णव वर्षांच्या, कान नाहीत म्हणतात त्यांना, त्या मागून म्हणाल्या, "हात चाळीस वर्षं चालला, झुलेखा. जीभ आज चालली." युसुर माझ्याकडे बघत नव्हता. त्याने विचारलं, "आई, दहा वर्षं मी त्या गोष्टीवर हसलो?" मी म्हटलं, हो, आणि मी तुला हसू दिलं. म्हाताऱ्यांनी काय ठरवलं ते लिहायची घाई नाही, वाचशीलच.

त्याचं फळ लगेच मिळालं, ते पण ऐकून घे, तुला बरं वाटेल. काल आमच्या गल्लीच्या टोकाला लग्न होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला दोर ओढायला बोलावणं आलं नाही. मी सकाळपासून हात धुऊन, ओढणी बांधून बसले होते, मूर्खासारखी. दुपारी ढोल ऐकू आला तेव्हा कळलं. आणि आमच्या होणाऱ्या नव्या सुनेच्या आईचा निरोप आला आहे, तिसऱ्या दिवसाची कणीक आम्ही आमच्या घरून मळून आणू, तुम्ही तसदी घेऊ नका. रझियाने हेही दोनदा वाचलं. मी चिडले, दिवसभर चिडले, आणि अजून चिडलेली आहे. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, त्याने तर जास्तच चिडते आहे. मग ढोल चालू असतानाच हे कागद काढले.

आता माफीबिफी मागत बसणार नाही. तुला ती द्यावी लागेल आणि तू पटकन देशील, दहा मिनिटांत, आणि मला तुझ्या चांगुलपणाचा पुन्हा राग येईल. त्यापेक्षा काम सांगते. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं, तिला अजून दारात उभी ठेवून तू हे वाचत असलीस तर तुझ्याइतकी वेंधळी बाई मी पाहिली नाही, ठेव हे खाली आणि तिला आत घे. म्हाताऱ्यांनी तिलाच विचारलं होतं, कुणाकडे राहायचंय, तर ती म्हणाली, "मी आईला तुटकी म्हणाले होते. ती मला घेईल का?" वाटभर तिच्या मनात तेच असणार, म्हणून आधी त्याचं उत्तर दे, बाकी सगळं नंतर. तिच्या पिशवीतले हिवाळ्याचे बूट युसुरने स्वतः भरले आहेत, तेवढं तिला सांग. रझिया सोबत आली आहे, तिला दोन दिवस ठेवून घे, ती बोलते फार पण गाडीत मुलीला सांभाळेल अशी दुसरी कुणी नव्हती. आणि फडक्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा आहे. त्यात आज सकाळी सातला मळलेली कणीक आहे, तेल लावलेली, तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर चांगली मुरेल. मांस तुमच्याकडे ताजं मिळतं. सफूराला आणि तुझ्या वडिलांना समोर बसव, झाकण काढ आणि त्यांच्या देखत आधी लांब ओढ, होईल तेवढी लांब. मग पोरीला तिचं ते हवं असेल तर तोड, पण या वेळी तुझ्या मनाने तोड. मीठ घातलं आहे. दोनदा चाखून बघितलं.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
झुलेखा